सातव्या महिन्यातलं वायरिंग

आमच्या वस्तीला रस्ता नाही. वडवणीहून येणारी डांबरी सडक खाली ओढ्यापाशी वळते आणि दुसऱ्याच गावाला निघून जाते. तिथून वर बैलगाडीची वाट, मग ओढ्याचं पात्र, आणि शेवटी उघड्या खडकाचा उभा चढ. त्या चढावर आमची जीप किंवा एखादा ट्रॅक्टर सोडला तर कुठलंच वाहन येत नाही. मोटारसायकलवाले मागच्याला उतरवतात आणि गाडी रेटत आणतात.

जीप जुनी आहे. चारी चाकं ओढते म्हणून ती टिकली. बाजाराच्या दिवशी वस्तीवरची शेरडं खाली न्यायची, येताना पेंडीची पोती आणि माणसं आणायची, हे आमच्या घरधन्याचं काम. घरची थोडी मेंढरं आहेत, ती मी आणि माझी सासू मिळून बघतो. सासूला मी आत्याबाई म्हणते.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी जीप चढावरच धूर सोडून बसली. इंजिनाला तडा गेला होता. तसलंच दुसरं डिझेल इंजिन शोधत हे केज, बीड, सगळं फिरून आले. आता ते मिळत नाही, आणि मिळालंच तर यापेक्षा म्हातारं मिळेल, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी एका भंगारवाल्याकडं उलटून चेपलेली व्हॅन सापडली. तिचं पेट्रोलचं इंजिन धड होतं. पण ते नव्या पद्धतीचं, कंप्युटर सांगेल तेवढंच पेट्रोल आत सोडणारं. वडवणीच्या गॅरेजात ते जीपमध्ये बसवलं. गिअरबॉक्सला जोडायला लेथवर ताटाएवढी लोखंडी प्लेट करून घेतली. तोवर उसाचे ट्रॅक्टर दुरुस्तीला यायला लागले आणि गॅरेजवाल्याला जागा हवी झाली. वायरिंग घरी करून घ्या म्हणाला. मग ट्रॅक्टरला बांधून जीप वर आणली आणि दारातल्या लिंबाखाली उभी केली. मागच्या बाकावर एक पोतं होतं. त्या पोत्यात व्हॅनचं सगळं वायरिंग कोंबलेलं होतं.

एरवी मी म्हटलं असतं, होईल तेव्हा होईल. पण आमची एकुलती लेक उमापूरला दिलेली आहे, आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणाला विचारायचं नसतं. तिच्या सासूचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा फोन आला. आमच्या घरात रेंज नाही, टेकाडावर जावं लागतं. तिथं वाऱ्यात उभं राहून मी ऐकलं.

"गाडी चालू झाली का तुमची?"

मी म्हटलं, काम चाललंय.

"झाली की न्यायला या. तुमच्या वस्तीवर गाडी न्हाई अन् पोरीला कळा आल्या तर काय, बाजेवर टाकून आणणार का खाली? अन् आठवा लागला की मी तिला घराबाहेर पाऊल टाकू देणार न्हाई, आधीच सांगते."

आठव्यात प्रवास करायचा नाही हे मलाही मान्य होतं. नवव्यात त्या चढाचा विचारसुद्धा नको. म्हणजे सातवा सरायच्या आत जीप चालू झाली तर लेक घरी येणार, नाहीतर नाही. मला विहीणबाईंचा रागही आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, फक्त इतकं मोठ्यानं नसते बोलले.

वायरिंगचं काम करणारा एक माणूस वडवणीहून आला. एकच दिवस आला, नंतर त्याला ट्रॅक्टरवाल्यांनी सोडलं नाही. पण त्या दिवशी त्यानं नीट समजावून सांगितलं. ह्यांना सांगत होता, मी दाराआडून ऐकत होते.

"मामा, तुमचं जुनं इंजिन म्हणजे म्हातारा बैल होता. शेपूट पिळली की चालला. हे लाडाचं लेकरू हाय. ह्याला सगळं येळंवर लागतंय, अन् एक जरी वायर रुसली तर जेवत न्हाई."

मग त्यानं पोतं बाजेवर ओतलं. केसांचा गुंता असावा तसा तो ढीग होता. तो म्हणाला, यातल्या बऱ्याच वायरी इंजिन आणि कंप्युटर यांच्या आपसातल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. बाहेर निघतात त्या तीनच जातींच्या. एक, जिला कायम बॅटरीचा करंट हवा. दुसरी, जिला चावी फिरवल्यावरच हवा. आणि तिसरी अर्थिंगची, ती गाडीच्या अंगालाच जोडायची. या तिघींची अदलाबदल झाली तर फ्यूज उडेल, आणि नशीब खराब असलं तर कंप्युटर जळेल. तेवढा एक जळू देऊ नका, तो पुन्हा मिळायचा नाही.

त्यानं एक एक वायर तपासून दाखवायला सुरुवात केली, पण खूण करायला त्याच्याजवळ काही नव्हतं. चिकटपट्टीवर लिहू म्हणाला. तेलकट वायरीवर पट्टी टिकेना. मी आतून चिंध्यांचं गाठोडं आणलं. वाकळ शिवायला म्हणून जुनी लुगडी फाडून ठेवलेली असतात. तो वायर हातात धरून तिची जात सांगायचा आणि मी गाठ मारायची. कायमच्या करंटला लाल, चावीच्या करंटला पिवळी, अर्थिंगला पांढरी. पांढरी चिंधी सासऱ्यांच्या धोतराची होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, धोतर मात्र चांगलं मजबूत होतं.

"मावशी, हे बेस केलंत," तो मला म्हणाला. मी मान खाली घालून गाठ मारत राहिले. परक्या माणसानं चांगलं म्हटलं की मला काय करावं सुचत नाही.

त्यानंतर रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आणि आल्यावर आम्ही दोघं त्या बाजेवर बसायचो. व्हॅनच्या मागच्या दाराच्या, गारव्याच्या मशीनच्या, काचांच्या वायरी आम्हाला नको होत्या. त्या गुंत्यातून मुळापर्यंत मोकळ्या करत जायच्या आणि मगच काढायच्या. ह्यांची बोटं जाड, आणि स्वभाव तापट. एखादी वायर अडकली की ओढायला बघायचे. मी नुसता त्यांचा हात बाजूला करायची. बोलणं फार होत नसे. दिवसभर मेंढरांमागं चालून पाय भरून आलेले असायचे आणि त्यावर ते वाकून बसणं. मानेत कळ यायची. कधी कधी वाटायचं, हे सगळं परत पोत्यात भरावं आणि पडून राहावं. पण लेकीचा महिना डोळ्यांसमोर असायचा.

व्हॅनच्या चावीचाही एक प्रकार होता. चावीच्या डोक्यात काहीतरी बसवलेलं असतं, ते जवळ असल्याशिवाय कंप्युटर इंजिन चालू होऊ देत नाही. म्हणून त्या चावीभोवतीचं कडं आणि चावी दोन्ही ह्यांनी स्टेअरिंगखाली दोरीनं करकचून बांधून टाकली. फिरवायला जीपची जुनीच चावी ठेवली. कंप्युटर सीटच्या खाली, पाण्यापासून वर, जुन्या टायरच्या रबरावर बसवला. टाकीत पेट्रोलचा नवा पंप सोडला. आता फक्त चिंध्यांच्या वायरी जागेवर जोडायच्या राहिल्या.

त्या दिवशी मेंढरांमागं मीच गेले होते. घरी हे आणि आत्याबाई. संध्याकाळी आले तर हे जीपशेजारी जमिनीवर बसलेले. सगळं जोडून झालं होतं. चावी फिरवली की फ्यूज उडत होता. इंजिन फिरायच्या आधीच उडत होता. दुसरा घातला, तोही उडाला. तिसरा घालायची त्यांची हिंमत झाली नाही.

"जळला असंल का गं कंप्युटर?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक असणार. पण विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं शेजारच्यांच्या मेंढरांबरोबर पाठवली आणि मी बसले. म्हटलं, मी मारलेल्या गाठी मीच एकदा बघते. लालकडून सुरुवात केली. लाल बरोबर होत्या. मग पिवळ्या. पिवळ्या मला जास्त वाटल्या. मी किती मारल्या होत्या ते मोजलं नव्हतं, पण पांढऱ्या गाठींचा तर मला चांगला आठव होता, कारण प्रत्येक वेळी धोतर फाडताना जिवावर आलं होतं. आणि आता पांढरी एकही दिसेना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, पांढरी नव्हतीच, मला वाटलं अर्थिंगच्या तू आधीच जोडून टाकल्यास.

मी एक पिवळी गाठ सोडायला घेतली. घामाच्या हातानं चिंधी चोळली गेली आणि बोटं पिवळी झाली. नाकाला लावून बघितलं. हळद होती.

आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मीच लावली. पोटुशी पोर ज्या गाडीत बसायची तिला पांढऱ्या चिंध्या? त्याबी मेलेल्या माणसाच्या धोतराच्या? तुला कळंना का? हळद भिजवून सगळ्यांला लावली. काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं. आमच्यात पांढरं कोरं कापड शुभाला चालत नाही, हळदीचं बोट लावूनच घेतात. त्यांनी बोट न लावता अख्खी चिंधीच भिजवली इतकंच. ह्यांनी पिवळी म्हणून ती सगळी अर्थिंगची वायर चावीच्या करंटला नेऊन बांधली. चावी फिरवली की बॅटरी सरळ गाडीच्या अंगावर.

मी ह्यांना सांगितलं. वाटलं ते आईवर चिडतील. उडालेला फ्यूज उचलून बघत ते म्हणाले, "फ्यूजनं वाचवलं. म्हातारीनं न्हाई." आत्याबाईंना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मग फ्यूजच्याच पाया पड, मला कशाला सैपाक मागतोस." इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो असू. तेही थोडंच.

पिवळ्यांतून हळदीच्या वेगळ्या काढणं सोपं नव्हतं. दोन्हींना तेल आणि ग्रीस लागून रंग मळला होता. शेवटी मी कपड्याच्या साबणाचं पाणी घेऊन आले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. एक एक चिंधी वायरीवरून सोडून पाण्यात बुडवायची. लाल झाली की ती अर्थिंगची. लुगड्याची पिवळी तशीच राहायची. हे शेजारी उभे राहून वायर धरून ठेवत होते आणि मी सांगितलं की बाजूला घेत होते. अर्थिंगच्या सगळ्या वायरी घासलेल्या उघड्या लोखंडावर एकाच बोल्टला बांधल्या. नवा फ्यूज घातला. ह्यांनी चावी फिरवली तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवली.

टाकीतला पंप एक क्षण गुणगुणला. मग इंजिन एकदा अडखळलं आणि चालू झालं. जुन्या इंजिनासारखा खडखडाट नव्हता. इतका हलका आवाज होता की आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं, चालू हाय का बंद.

ह्यांचा चेहरा मी किती दिवसांनी तसा बघितला. उद्याच उमापूरला निघू म्हणाले. खाली ओढ्यापाशी जीप ठेवायची, पुढं एसटीनं जायचं, लेकीला घेऊन यायचं आणि ओढ्यापासून जीपनं वर. त्यांनी सगळा बेत सांगून टाकला. टेकाडावर जाऊन विहीणबाईंना फोन करायलाही निघाले.

मला का कोण जाणे, हो म्हणवेना. मी म्हटलं, आधी मला एकदा खाली नेऊन परत वर आणा. मागच्या बाकावर बसवून. ते म्हणाले, तुला काय बघायचंय, तू काय पहिल्यांदा बसणार आहेस का. तरी नेलं.

मागचा बाक पत्र्याचा आहे. मी त्यावर वाकळ घातली आणि लेक बसेल तशी बसले, एक हात पोटावर ठेवून, एक हात दांड्याला धरून. आजवर त्या बाकावर शेरडांच्या मधे बसून मी कितीदा गेले आहे. पण तेव्हा मी कधी पोटावर हात ठेवून बसले नव्हते. प्रत्येक खड्ड्याला तो हात उडायचा आणि परत पोटावर आपटायचा. ओढ्यात गोट्यांवरून जाताना दात वाजले. खाली सडकेपाशी वळलो आणि परत वर लागलो.

चढ अर्धा झाला असेल. जीप नाक वर करून चढत होती. इंजिनाचा आवाज एकदम गेला. धक्का नाही, खडखड नाही, नुसता गेला. ह्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. जीप थोडी मागं सरकून थांबली. चावी फिरवली तर पंप कोरडा वाजला. ते उतरले, टाकीत काडी बुडवून बघितली. पेट्रोल होतं. पण कमी होतं, आणि चढावर ते सगळं टाकीच्या मागच्या बाजूला गेलं होतं. नवा पंप पुढच्या बाजूला. त्याच्या तोंडाशी हवा आली की कंप्युटर काय करणार. जीप हळूहळू मागं सोडत सपाटीला आणली, तर पुन्हा चालू झाली. दुसऱ्या दमात वर आलो.

"टाकी भरून ठेवली की झालं," ते म्हणाले. "नंतर आत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी छोटी डबी बसवून घेऊ, वडवणीचा म्हणत होता तसली असते. एवढं काय न्हाई."

बरोबर होतं त्यांचं. काम वाईट झालं नव्हतं. टाकी भरलेली असती तर इंजिन गेलं नसतं. पण कुठल्या दिवशी टाकी भरलेली असेल आणि कुठल्या दिवशी अर्धी, हे कळा विचारून येत नाहीत. आणि टाकी भरलेली असली तरी तो बाक तसाच, ते गोटे तसेच. मी बाकावरून उतरले नव्हते. पोटावरचा हात अजून तिथंच होता.

मी म्हटलं, "तिला आणू नका. मीच जाते तिच्याकडं."

ते मागं वळले. माझ्या तोंडून असं ठरवून टाकलेलं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "लेकीच्या घरी राहणार? बाळंतपणाला? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. आईनं जाऊन तिथं महिने काढायचे म्हणजे माहेरात दम नाही असं होतं. आत्याबाईंनी ऐकलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग तिसऱ्या सकाळी स्वतःच एका डब्यात डिंक आणि अळीव भरून दिले, आणि म्हणाल्या, "तिथं त्यांचं खाऊ नको. आपलं करून खा."

हे मला ओढ्यापर्यंत सोडायला आले. टाकी भरलेली होती. जीप कुठंही अडली नाही. सडकेला उतरल्यावर ते म्हणाले, बघ, चालली की. मी म्हटलं, लई चांगली चालली. खरंच चांगली चालली होती. त्यांना आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण तेवढ्यात सडकेवर माणसं भरून नेणारी भाड्याची जीप आली आणि मी गर्दीत बसले.

उमापूरला विहीणबाई दारातच होत्या. माझी पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "एवढी गाडी नवी केली म्हणता, अन् लेकीला न्यायला न्हाई, राहायला आलात?" त्यांच्या जावा हसल्या. एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. धुळीनं घसा कोरडा पडला होता. मी पाणी प्यायले.

लेक आत होती. मला बघून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. मग माझ्या मागं कुणी नाही हे तिच्या लक्षात आलं.

"गाडी झाली न्हाई का?"

मी म्हटलं, झाली.

"मग?"

मी तिला चढावरचं सांगितलं, बाकाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. तिला घरी यायचं होतं. लिंबाखाली बाज टाकून पडायचं होतं, आत्याबाईंच्या हातचं खायचं होतं. तिनं मनात ते सगळं ठरवून ठेवलेलं असणार. ती कुशीवर वळली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मीही तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. उठून काही करायचं बळ माझ्यातही नव्हतं.

तेव्हापासून मी इथंच आहे. आठवा संपला, नववा चालू आहे. सकाळी मी चुलीपाशी माझं वेगळं करून खाते. विहीणबाई पहिल्यांदा टोमणे मारायच्या, आता माझ्या भाकरीवर स्वतःचं कालवण आणून ठेवतात आणि मी ते खाते. आत्याबाईंना हे सांगितलेलं नाही. दवाखान्याची गाडी इथं दारापर्यंत येते. दुपारी लेक झोपली की मी हे लिहिते, आणि ती उठायची चाहूल लागली की ठेवून देते.

ती माझ्यावर रुसलेली आहे, अजूनही. पण झोपेत कळ आल्यासारखं झालं की हात मागं करून मी आहे का ते चाचपते. मी तिच्या पाठीमागंच असते.